गोळी स्वस्त झाली, पण उपचार कितीला पडतो? रक्ताच्या कर्करोगाचे अर्थशास्त्र

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने ३३ जीवरक्षक औषधांवरचा १२ टक्के कर शून्यावर आणला आणि २२ सप्टेंबरपासून तो निर्णय लागू झाला. त्या यादीत रक्ताच्या कर्करोगावरील असिमिनिब आणि डॅराट्युम्युमॅब ही औषधे आहेत. ‘कर्करोगाची औषधे स्वस्त’ अशा मथळ्याखाली ही बातमी सगळीकडे झळकली आणि ती खोटीही नव्हती. मात्र हिशोब असा आहे की, शंभर रुपयांच्या औषधाला पूर्वी कर धरून ११२ रुपये पडत होते, आता १०० पडतात. म्हणजे रुग्णाच्या बिलातून पावणेअकरा टक्के गेले. समजा, एखाद्या औषधाचा महिन्याचा खर्च १ लाख १२ हजार रुपयांवरून १ लाखावर आला, तर ज्या घरात महिन्याला २० हजार रुपये येतात त्या घराला पडलेला फरक कागदावरचाच राहतो. ते औषध त्यांना आधीही परवडत नव्हते आणि आताही परवडत नाही.

मग कोणत्या किमतीला औषध ‘परवडणारे’ म्हणायचे, कोणाला परवडणारे म्हणायचे आणि औषध परवडले म्हणजे उपचार परवडला असे समजायचे का, या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या शाखेला आरोग्य अर्थशास्त्र म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण विषय घराघरातला आहे.

रक्ताचा कर्करोग वेगळा का?

रक्ताचा कर्करोग हा एक आजार नसून आजारांचे कुटुंब आहे. हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढू लागल्या की ल्युकेमिया होतो. लसिकाग्रंथींमध्ये तसे घडले की लिम्फोमा. आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी बिघडल्या की मायलोमा. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्यातला समान धागा असा की, स्तनातील किंवा आतड्यातील गाठीप्रमाणे शस्त्रक्रिया करून हे आजार काढून टाकता येत नाहीत, कारण रक्त सर्वत्र फिरत असते. त्यामुळे सगळी मदार औषधांवर, रक्त चढवण्यावर, वारंवारच्या तपासण्यांवर आणि काही रुग्णांच्या बाबतीत मॅरो ट्रान्सप्लांटवर राहते. शस्त्रक्रियेचा खर्च एकदा होतो आणि कितीही मोठा असला तरी त्याला शेवट असतो. रक्ताच्या कर्करोगाचा खर्च मात्र पावसाळी गळतीसारखा असतो: थेंबाथेंबाने, महिनोन्‌महिने, कधीकधी आयुष्यभर.

या कुटुंबातला एकच आजार घेऊन आपण पुढे जाऊ, कारण किंमत, फायदा आणि विषमता या तिन्हींची गोष्ट त्याच्याइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. त्याचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया; डॉक्टर आणि रुग्ण दोघेही त्याला सीएमएल म्हणतात.

एका गोळीची गोष्ट

१९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींमध्ये एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये जॅनेट रॉली यांनी दाखवले की ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलल्यामुळे ते तसे होते. या अदलाबदलीतून एक सदोष प्रथिन तयार होते आणि ते पेशींना सतत ‘वाढा, वाढा’ असा निरोप देत राहते. नेमके तेच प्रथिन बंद पाडणारी इमॅटिनिब ही गोळी मे २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. त्याआधी निदान झाल्यावर बहुतेक रुग्णांच्या हाती थोडीच वर्षे उरत. गोळी आल्यानंतर चित्र इतके बदलले की २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात या रुग्णांचे आयुर्मान सर्वसामान्य लोकांच्या जवळ पोहोचल्याचे दिसले.

भारताच्या दृष्टीने यात एक महत्त्वाचा तपशील आहे. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने साठीच्या आसपास दिसतो. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींमध्ये मात्र तो पस्तिशी-चाळिशीतल्या माणसांत अधिक आढळतो. म्हणजे मुले शाळेत असलेला, घर चालवणारा माणूस आजारी पडतो, आणि गोळी साठीतल्या स्वीडिश रुग्णापेक्षा त्याला कितीतरी अधिक वर्षे घ्यावी लागते.

नोव्हार्टिस कंपनीची ग्लिव्हेक या नावाची ही गोळी भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडत असे. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळत होती. कंपनीने या औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितले होते आणि मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने, तसेच अनेक भारतीय कंपन्यांनी त्याला हरकत घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंट नाकारले. आधीच माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप रोग बरा करण्यात अधिक प्रभावी असल्याचे सिद्ध झाले नाही, तर त्याला नवे पेटंट मिळणार नाही, असा पेटंट कायद्यातील कलम ३ (ड) चा अर्थ त्या निकालाने पक्का केला. कंपनी त्या काळात हजारो भारतीय रुग्णांना गोळ्या मोफत देत होती, हेही नोंदवले पाहिजे. परंतु दान आणि हक्क यांच्यातला फरक दीर्घ आजारात जितका जाणवतो तितका क्वचितच इतरत्र जाणवत असेल, कारण दात्याचे धोरण बदलले की रुग्णाची गोळी थांबते.

क्वाली म्हणजे काय?

आता अर्थशास्त्राकडे वळू. वेगवेगळ्या उपचारांचा फायदा एकाच मापाने मोजण्यासाठी या शाखेने एक एकक ठरवले आहे, त्याला क्वाली म्हणतात. मराठीत ‘गुणवत्तायुक्त आयुर्वर्ष’ म्हणता येईल. पूर्ण आरोग्यात काढलेले एक वर्ष म्हणजे एक अख्खी भाकरी धरा. अंथरुणाला खिळून, वेदनेत काढलेले वर्ष म्हणजे अर्धी किंवा पाव भाकरी. एखाद्या उपचाराने चार वर्षे वाढली, पण प्रत्येक वर्ष अर्ध्या भाकरीइतकेच असले, तर फायदा चार नव्हे, दोन क्वाली.

दुसरी कल्पना वाढीव खर्चाची. एकरी दोन गोण्या खत टाकणाऱ्या शेतकऱ्याला तिसरी टाकावी का असा प्रश्न पडला, तर तो शेताचे एकूण उत्पन्न पाहत नाही. तिसऱ्या गोणीने किती क्विंटल वाढतील आणि तिला किती पैसे पडतील, एवढेच पाहतो. नव्या औषधाचेही तसेच आहे. सध्याच्या उपचारापेक्षा ते किती क्वाली जास्त देते आणि किती रुपये जास्त घेते, या दोन आकड्यांचा भागाकार केला की एका वाढीव क्वालीची किंमत निघते. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘नाइस’ ही संस्था हा आकडा पाहून सरकारी आरोग्यसेवेला शिफारस करते, आणि तिथे एका क्वालीसाठी २० ते ३० हजार पौंड ही पट्टी दीर्घकाळ वापरात होती. भारतात २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत असे मूल्यमापन करणारी व्यवस्था उभी राहिली आहे, आणि भारतीय अभ्यासांमध्ये देशाच्या दरडोई उत्पन्नाइतकी, म्हणजे आजच्या हिशोबाने सुमारे २ लाख रुपयांची, पट्टी सहसा लावली जाते.

ही पट्टी इमॅटिनिबला ढोबळमानाने लावून पाहा. वर्षाला १४ लाख ४० हजार रुपयांना पडणारी गोळी रुग्णाला जवळजवळ अख्खी भाकरी देते, तरीही ती पट्टीच्या कितीतरी वर जाते आणि ‘परवडत नाही’ असा शेरा मिळवते. तीच गोळी वर्षाला लाखभर रुपयांना मिळाली की उत्तम गुंतवणूक ठरते. रेणू तोच, फायदा तोच, फक्त किंमत बदलली. म्हणूनच आरोग्य अर्थशास्त्राचा उपयोग एखाद्या औषधाला नकार देण्यापुरता नाही. कोणत्या किमतीला होकार द्यावा हे सांगण्यात त्याचे खरे बळ आहे. ब्रिटनने २००७ मध्ये मायलोमावरील बोर्टेझोमिब या औषधाच्या बाबतीत याच बळावर असा सौदा केला की, उपचारांच्या ठरावीक चक्रांनंतर ज्या रुग्णाला पुरेसा गुण येणार नाही, त्याच्या औषधाचे पैसे कंपनीने परत द्यायचे.

जिवाची किंमत करता कशी?

ही पहिली हरकत असते आणि ती मनापासूनची असते. माझे उत्तर असे की, किंमत आपण आजही करतोच. फक्त ती चोरून करतो. सरकारी रुग्णालयात औषध संपले, एका खाटेसाठी तिघे थांबले, किंवा घरातल्यांनी ‘आता जमीन विकायची नाही’ असे ठरवले, तेव्हा कुणाच्या तरी आयुष्याचा हिशोब झालेलाच असतो. तो उघड्यावर मांडला तर निदान त्यावर वाद घालता येतो.

पण क्वालीवरची दुसरी हरकत अधिक टोकदार आहे. ज्याला आधीपासून अपंगत्व आहे त्याच्या वर्षाची भाकरी हे माप मुळातच लहान धरते, म्हणून त्याचा जीव वाचवण्यातला फायदाही कमी दिसतो. अमेरिकेने २०१० च्या आरोग्य कायद्यात मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेला अशा मापाची पट्टी वापरण्यास मनाई केली, त्यामागे हीच चिंता होती. मनाई करून अमेरिकेला किंमत आटोक्यात ठेवता आली असे मात्र नाही. २०१३ मध्ये सीएमएलवर काम करणाऱ्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी एकत्र येऊन औषधांच्या किमतींविरुद्ध लेख लिहिला; त्यात इमॅटिनिबची वार्षिक किंमत २००१ मधील सुमारे ३० हजार डॉलरवरून २०१२ मध्ये ९२ हजार डॉलरवर गेल्याचे दाखवले होते. गोळी तीच होती, तिच्यात काहीही नवे आलेले नव्हते. संशोधनाचा खर्च भरून काढायला चढी किंमत लागते, या युक्तिवादाला हा आकडा पुरेसे उत्तर आहे असे मला वाटते, कारण इथे किंमत जुन्या संशोधनावरच वाढत गेली.

सरासरीत कोण हरवते?

क्वालीची खरी मर्यादा वेगळीच आहे. सातारा जिल्ह्याचा सरासरी पाऊस किती, असे कुणी विचारले तर एक आकडा सांगता येतो, पण त्या आकड्याने महाबळेश्वरही कळत नाही आणि माणही कळत नाही. एकीकडे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर दुसरीकडे पाचशेच्या आसपास. क्वालींची बेरीजही तशीच आंधळी असते. समजा, एक कोटी रुपयांत मोठ्या शहरातल्या रुग्णांसाठी नवे औषध घेतले तर १०० क्वाली मिळतात, आणि त्याच पैशांत दूरच्या जिल्ह्यांत तपासणीची सोय केली तर ९० मिळतात. निव्वळ बेरीज पहिला पर्याय निवडेल, आणि ते १०० क्वाली ज्यांच्या वाट्याला येतात त्यांच्याकडे आधीच अधिक आहे, याची दखल ती घेणार नाही.

यावर उपाय म्हणून ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी फायदा किती झाला याबरोबरच तो कोणत्या उत्पन्नगटाला झाला, हेही मोजण्याची पद्धत विकसित केली. समाजाला विषमतेची जितकी चीड, तितके गरिबाच्या क्वालीला अधिक वजन. दुसऱ्या एका पद्धतीत आरोग्याच्या फायद्याशेजारी आणखी एक रकाना असतो: या उपचारामुळे किती कुटुंबे कर्जात जाण्यापासून वाचली? भारतासारख्या देशात हा दुसरा रकाना मला अधिक बोलका वाटतो.

योजना आहेत, मग खिशातून काय जाते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित छत्राखाली महाराष्ट्रातील कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि ते मोठेच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही अशा योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती आणि ठरावीक पॅकेजांभोवती बेतलेल्या असतात. सीएमएलचा रुग्ण मात्र दाखल होतच नाही. तो गोळ्या घेऊन घरी जातो आणि दर काही आठवड्यांनी परत येतो.

त्या परत येण्याचा हिशोब मांडा. मराठवाड्यातल्या गावाहून मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल या कर्करुग्णालयात यायचे म्हणजे एक रात्र प्रवासाची, एक दिवस रांगेचा, अहवालासाठी कदाचित आणखी एक, आणि परतीची रात्र. एसटी आणि रेल्वे कर्करुग्णांना भाड्यात सवलत देतात, पण तीन दिवसांची बुडालेली मजुरी कोणत्याही पॅकेजमध्ये नसते, आणि सोबत आलेल्या माणसाचीही मजुरी बुडते. दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा किंवा बालरुग्णांसाठीची सेंट ज्यूडची निवासकेंद्रे यांचे मोल इथे कळते: अर्थशास्त्राच्या भाषेत ती उपचाराचा वैद्यकेतर खर्च कमी करतात, साध्या भाषेत ती उपचार अर्धवट सुटू देत नाहीत. कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम उपचारांवर गेली तर त्याला आपत्तीजनक खर्च म्हणतात. २५ टक्क्यांची आणखी कडक पट्टीही आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या पहिल्या वर्षात या दोन्ही पट्ट्या ओलांडायला फार काही घडावे लागत नाही.

ही केवळ पैशांची झळ नाही, ती जिवावर येते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झालेल्या अभ्यासांत कर्करुग्णांचे दिवाळे निघण्याचे प्रमाण इतरांच्या २.६५ पट आढळले, आणि दिवाळे निघालेल्या रुग्णांच्या मृत्यूचा धोका न निघालेल्यांपेक्षा ७९ टक्क्यांनी अधिक दिसला. सीएमएलमध्ये तर गोळ्या किती नेमाने घेतल्या यावरच सारे अवलंबून असते. लंडनच्या एका अभ्यासात ठरलेल्या गोळ्यांपैकी ९० टक्क्यांहून कमी घेणाऱ्यांत आजार आटोक्यात येण्याची शक्यता झपाट्याने घसरली. महिन्यातून तीन-चार दिवस गोळी चुकली की माणूस त्या रेषेखाली जातो. गोळ्या संपल्या आणि गाडीभाड्याची जुळवाजुळव व्हायला आठवडा लागला, की झाले.

पैशांनी न सुटणारी विषमताही असते. मॅरो ट्रान्सप्लांटसाठी जुळणारा दाता सहसा आपल्याच वंशाच्या माणसांत सापडतो. अमेरिकेच्या दातानोंदणीवरील २०१४ च्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के होती, तर काही आफ्रिकी वंशगटांत ती १६ ते १९ टक्क्यांवर थांबली. दक्षिण आशियाई रुग्णही या शर्यतीत मागेच असतात, त्यामुळे लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाचा विमा कितीही भक्कम असला तरी नोंदणीत आपल्यासारखी माणसे पुरेशी नसली तर तो दाता आणून देऊ शकत नाही. आणखी एक विषमता घरातच सुरू होते: भारतातील कर्करुग्णालयांपर्यंत पोहोचणाऱ्या बालरुग्णांत मुलींची संख्या आजाराच्या स्वरूपावरून अपेक्षित असते त्यापेक्षा कमी असते.

मग काय केले तर किंमत उतरते?

करकपात हा सर्वांत दिसणारा आणि सर्वांत उथळ उपाय आहे. त्याहून खोल गेलेला उपाय म्हणजे २०१९ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्याला घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे पाचशेहून अधिक ब्रँडच्या छापील किमती उतरल्या, काहींच्या तर ९० टक्क्यांपर्यंत. आधी मधल्यामध्ये किती जात होते, हे त्यावरून उमगते. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चाललेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातील रुग्णालयांची मागणी एकत्र करून औषधांचे दर ठरवले, तेव्हाही मोठी बचत झाली. गल्लीतल्या चार घरांनी मिळून वर्षाचा गहू भरला की दर पडतो, तसेच हे. फक्त पोत्यांऐवजी कुप्या.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही उपचारपद्धती किंमत उतरवण्याचा आणखी एक मार्ग दाखवते. रुग्णाच्याच प्रतिकारपेशी काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत शरीरात सोडण्याच्या या पद्धतीला काही ल्युकेमिया आणि लिम्फोमांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराची छापील किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. इथे तो ३० ते ४० लाख रुपयांच्या दरम्यान पडतो. कामगिरी मोठी आहे. पण ४० लाख म्हणजे दरडोई उत्पन्नाच्या वीसपट, तेव्हा ‘अमेरिकेपेक्षा स्वस्त’ आणि ‘परवडणारे’ या दोन शब्दांची गल्लत होऊ नये.

गोळी थांबवायची संधी कोणाला?

पुन्हा सीएमएलकडे येऊ, कारण विषमता किती बारीक फटीतून शिरते हे तिथेच दिसते. इमॅटिनिब आज आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि भारतात गोळीची किंमत हा पूर्वीइतका मोठा अडसर उरलेला नाही. अडसर तपासणीकडे सरकला आहे. आजार किती उरला आहे हे रक्तातील सदोष जनुकाच्या मोजणीवरून ठरते; ती पीसीआर तपासणी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी करायची असते, दर वेळी काही हजार रुपये पडतात, आणि ती भरवशाने करणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत.

या तपासणीवर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे. ज्यांचा आजार कित्येक वर्षे अगदी नगण्य पातळीवर टिकून राहतो, अशा रुग्णांची गोळी देखरेखीखाली बंद करून पाहता येते, आणि फ्रान्समध्ये सुरू होऊन नंतर युरोपभर झालेल्या अभ्यासांत साधारण निम्म्या रुग्णांचा आजार त्यानंतर परतला नाही. गोळी थांबली की तिचा खर्च थांबतो, सूज आणि थकवा यांसारखे दुष्परिणाम थांबतात, आणि तरुण स्त्रियांना गरोदरपणाचा विचार करता येतो. अट एवढीच की, बंद केल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तरी दर महिन्याला पीसीआर तपासणी झाली पाहिजे, म्हणजे आजाराने डोके वर काढताच गोळी पुन्हा सुरू करता येते. त्यामुळे पुण्या-मुंबईत राहणारा, तपासणीचा खर्च पेलणारा रुग्ण गोळी बंद करून पाहू शकतो. आणि गोळीचे ओझे ज्याला सर्वाधिक जड आहे, त्या दुष्काळी तालुक्यातल्या रुग्णाला डॉक्टर ती चालूच ठेवायला सांगतात, कारण दर महिन्याचा रक्ताचा नमुना त्याच्या गावाहून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्याची खात्री कुणी देऊ शकत नाही.